आंघोळीला चौथा नंबर

“काकू, आता तिला आंघोळीला चौथा नंबर देतात हो!”

ठमीच्या आईने हे अशा सुरात सांगितलं, की मला वाटलं पोरीला सामानासकट रस्त्यावर काढलं. मी जास्वंदीची फुलं तोडायची थांबले.

“आधी कितवा होता?”

“पहिला! गेली त्या रात्रीपासून पहिला. आजोबा, आजी, यजमान, त्यांची बायको, तो शाळकरी मुलगा, सगळे ताटकळत थांबायचे. हिची झाली की मग बाकीच्यांची. आणि आता आधी आजोबा, मग यजमान, मग तो मुलगा, मग ही. काही चुकलं असेल का हो तिचं?”

“पुरुष आधी, हे मात्र इकडून तिकडून सारखंच,” मी म्हटलं. “बाकीचं सांग.”

ठमी म्हणजे आमच्या शेजारची सोळा वर्षांची घोडी. दहावी झाली आणि रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी जपानला गेली, ओकायामा शहरात. फोन फक्त रविवारी. सारखं आईशी बोलत राहिलं तर मूल तिथे रुळत नाही, असं जाण्याआधी रोटरीच्या लोकांनी आईबापांना बसवून सांगितलंय. त्यामुळे आमच्या कुंपणावरचं वर्तमानपत्र साप्ताहिक झालंय. इकडे माझी जास्वंद, तिकडे तिचा कढीपत्ता, आणि मध्ये बातम्या. संपादकीय लिहायला आमचे अण्णा व्हरांड्यात बसलेलेच असतात. बँकेतून निवृत्त झाले, पण आकडे काही सुटले नाहीत.

“पंधरा ते एकोणीस वयाची मुलं घेतात,” अण्णांनी तिथूनच पुरवलं. “यजमानांना एक पैसा मिळत नाही. आणि वर्षभर एकाच घरी ठेवत नाहीत, दोन-तीन घरं बदलतात. 1927 साली फ्रान्समध्ये नीसच्या क्लबाने सुरू केलं म्हणतात.”

“आणि नियम किती!” ठमीची आई म्हणाली. “गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. सही घेतली आमच्याकडून.”

“पहिले तीन समजले. चौथं कोणी सही विचारून करतं का?”

ती हसली एकदाची. मग मी म्हटलं, आता पहिल्यापासून सांग. तुकड्या-तुकड्याने ऐकून मला काही कळत नाही.

तर झालं असं. पोरगी ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरली. तिथेच हातात रहिवासाचं कार्ड दिलं. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, असा कायदा. तिथून बुलेट ट्रेन. शिन-ओसाका ते ओकायामा पाऊण तास. अंगावर रोटरीचा तो निळा कोट, त्यावर इकडचे-तिकडचे बिल्ले टोचलेले, आणि ऑगस्टचा उकाडा. पुण्याच्या श्रावणसरींतून गेलेली पोरगी घामाने निथळली. स्टेशनबाहेर यजमान मंडळी कागदावर तिचं नाव लिहून उभी. मागे एका मुलाचा पुतळा, त्याच्याबरोबर कुत्रा, माकड आणि पक्षी.

“तो मोमोतारो,” अण्णा म्हणाले. “नदीतून वाहत आलेल्या पीचमधून जन्मलेला पोरगा. वाटेत एकेकाला लाडू देऊन कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी आपल्या बाजूला केले, आणि बेटावर जाऊन राक्षस मारले. ओकायामाचे लोक त्याला आपला मानतात.”

“माकड घेऊन, समुद्र ओलांडून राक्षस मारायला? अगं, ही तर आपलीच गोष्ट!”

“काकू, तुम्हाला सगळंच आपलं वाटतं.”

वाटतं खरं. आणि ओकायामा तसं आम्हाला परकं नाहीच. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आम्ही रोज फिरायला जातो, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. ज्या माणसाने ‘पूर्वरंग’मध्ये जपान लिहिलं, त्याचं नाव जपानी बागेला, हे पुण्याला बरोबर सुचलं. मूळची बाग 1687 ला सुरू होऊन 1700 ला पुरी झाली, हेही अण्णांकडूनच. आमच्याकडे त्याच काळात राजाराम महाराज जिंजीला अडकले होते, अशी पुरवणीही त्यांनी जोडली. जपानातल्या तीन नावाजलेल्या बागांतली ती एक. पलीकडे नदी आणि नदीकाठी काळाकुट्ट किल्ला, त्याला कावळ्यांचा किल्ला म्हणतात. 1945 च्या बाँबहल्ल्यात तो जळला, 1966 ला परत बांधला. यजमानांनी पहिल्या रविवारी ठमीला दोन्ही दाखवलं. पोरीने आईला काय सांगावं? “सेम आपल्या बागेसारखं आहे, फक्त इथे हिरवळीवर बसलेल्यांना शिट्टी मारणारा वॉचमन नाही.”

“बरं, ते आंघोळीचं सांग,” मी म्हटलं.

“तिथे आंघोळ रात्री. आधी टबाच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग-केस सगळं धुवून काढायचं. अगदी स्वच्छ झालं की मग टबात नुसतं गळ्यापर्यंत बसून राहायचं. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं. आणि तेच पाणी सगळ्या घराला. बूच काढायचं नाही, झाकण घालून बाहेर यायचं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या मशीनला.”

“एकाच्या पाण्यात दुसरा?”

“अंग आधीच धुतलेलं असतं ना काकू! टब फक्त शेकायला. तरी पहिल्याचं पाणी ते पहिल्याचं. म्हणून तर पाहुण्याला आधी पाठवतात. तोच मान गेला ना तिचा.”

मी काही बोलले नाही. माणसाचं सगळं ऐकून घ्यावं, मग निकाल द्यावा.

सुरुवातीचा पाहुणचार ऐकाल तर आपण पुणेकरांनी शरमेने मान खाली घालावी. ओकायामा फळांचं गाव. पांढरे पीच तिथले प्रसिद्ध. झाडावर एकेका फळाला हाताने कागदी पिशवी बांधून वाढवतात, त्यामुळे किंमतही तशीच. आजीबाईंनी ठमीसाठी स्वतः पीच सोलून, फोडी करून, बशीत मांडून दिले. दुसऱ्या दिवशी मस्कत द्राक्षं. ही कपडे धुवायला गेली की यजमानीण हातातून काढून घ्यायची. भांडी उचलायला गेली की ‘राहू दे, राहू दे’. पोरगी बिचारी खोलीत जाऊन बसायची आणि भिंतीकडे बघत रडायची. हे मात्र तिने आईला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगितलं.

“इतके लाड चाललेले असताना रडत कशाला होती?” आई विचारत होती.

“लाड चालले होते म्हणूनच,” अण्णा म्हणाले. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. निकाल माझा मी देणार होते.

खाण्याचं रामायण वेगळंच. ठमीच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या भांड्यात. आणि तिथे साधं सूप म्हणून पुढे येतं त्यातही वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी असतं. बघून कळत नाही, वासाने कळतं. क्लबाने आधी विचारलं होतं, हिने ‘शाकाहारी’ म्हणून लिहिलंही होतं. पण त्या माउलीला मासा दिसत नाही तिथेही मासा धरायचा, हे कसं सुचणार? ठमीने वाटी बाजूला ठेवली नाही, संपवली. मग रात्री फोनवरच्या भाषांतरात शब्द जुळवून तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाई समुद्रशेवाळाच्या वाळक्या पट्ट्या रात्री भिजत घालते आणि त्या पाण्यात हिचं सूप वेगळं करते. शिवाय दुकानात डबा उलटा करून घटक वाचल्याशिवाय काही घेत नाही.

“पहिल्या रात्री तर तिने हिच्यासाठी मुद्दाम करी केली होती. भारतातून आली म्हणून.”

“कशी होती?”

“गोड! सफरचंद आणि मध घातलेली. ठमी म्हणते, आजारी माणसाला दिलेली आमटी वाटली.”

“जपानला करी इंग्रजांच्या वाटेने गेली,” अण्णा सरसावले. “पण आपल्या पद्धतीची करी तोक्योत विकायला लागले ती 1927 साली, नाकामुराया नावाच्या दुकानात. आणि ती शिकवली कोणी? रासबिहारी बोसांनी! 1912 साली व्हाइसरॉय हार्डिंगवर बाँब टाकला त्या कटातले. 1915 ला निसटून जपानला गेले, या दुकानाच्या मालकांनी लपवून ठेवलं, पुढे त्यांची मुलगीही दिली. जावयाने सासरी करी शिकवली. म्हणजे तिथला एवढा नावाजलेला भारतीय पाहुणाही मुदपाकखान्यातूनच घरात शिरला.”

अण्णांचं कधीकधी अगदी वेळेवर येतं. मी ते मनात ठेवून दिलं.

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला तिथे ओबोन. पितर घरी येतात असं मानतात, सगळे मूळ गावी जमतात, थडगी धुवून फुलं वाहतात. पितृपंधरवड्यासारखं म्हणावं, तर तिथे त्याच दिवसांत ढोल वाजवून नाचही करतात. घरात बुद्धाचा छोटा देव्हारा, त्यात गेलेल्यांच्या पाट्या. सकाळी भात झाला की पहिली वाटी तिथे. ठमीने नेलेली बाकरवडी आणि पैठणीच्या काठाची पर्स आजीबाईंनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळापाशी नेली आणि न उघडताच देव्हाऱ्यापुढे ठेवली. ठमीला वाटलं, आवडलं नाही. तिथली रीतच तशी, देणाऱ्यासमोर पुडकं फोडायचं नाही. आठवड्याने यजमानीण हिच्या हातात एक बांधलेली पेटी देऊन म्हणते, हे तुझ्या आईला पाठव.

“काय आहे पेटीत?”

“अजून पोचायचीय.”

“पोचली की कुंपणावरून दाखव. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांनाही कळतं, एवढं मला पुरे.”

आता गाऱ्हाणं नंबर दोन. ठमीची आई आवाज खाली आणून म्हणाली, “आणि कचराही टाकायला लावतात हो तिला.”

“रोज?”

“आठवड्यातून दोनदा जळणारा कचरा. प्लास्टिकचा वार वेगळा, बाटल्या-डब्यांचा वेगळा. बाटलीचं झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा, विसळायची, चपटी करायची. दुधाचा खोका धुवून, कापून, उलगडून वाळवायचा! सकाळी ठरल्या वेळेच्या आत कोपऱ्यावर नेऊन ठेवायचं आणि वरून जाळी ओढायची, नाहीतर कावळे फाडतात. मागच्या आठवड्यात प्लास्टिकमध्ये काहीतरी भलतं गेलं, तर पिशवी तिथेच ठेवून गेले, वर चिठ्ठी चिकटवून. आजीबाईंनी पिशवी परत आणून तिच्यासमोर ओतली आणि म्हणाल्या, परत वेचून कर.”

“रागावल्या?”

“चांगल्याच. त्याआधी एकदा चपलांवरून बोलल्या होत्या. दारात चपला काढल्या की तोंड बाहेरच्या दिशेने करून ठेवायच्या. आणि एकदा हिने भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचल्या, तर केवढ्यांदा ओरडल्या म्हणे. तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. त्यात आजींची बोली ओकायामाची. हिने इथे क्लासात शिकलेलं जपानी त्यांच्यापुढे चालत नाही. रागावतात एवढं कळतं, कशावरून ते हाताच्या खुणांनी.”

इतक्यात समोरच्या बंगल्यातल्या बाई दूध घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्याच. कचरा हा शब्द त्यांनी रस्त्यापलीकडून टिपला.

“परदेशात पाठवून कचरा उचलायला लावलात? आणि अकरावीचं वर्ष गेलं ते गेलंच ना? आमच्या नातवाचा तर क्लासही सुरू झाला, सकाळी सहा ते रात्री नऊ.”

ठमीची आई कढीपत्त्याची पानं तोडू लागली. हे दुखणं खरं आहे. तिथलं वर्ष इथे अकरावी म्हणून धरत नाहीत. परत आल्यावर पोरगी धाकट्या मुलांबरोबर अकरावीला बसणार. आईबापांनी हे ठाऊक असून पाठवलं, तरी रात्री झोप लागत नाही ती यानेच.

अण्णांनी चष्मा काढला. “मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यातलं एक वर्ष कमी झालं असतं तर बँकेला कळलंही नसतं, आणि मलाही. तुमच्या नातवाला शुभेच्छा आहेत.”

बाई दुधाची पिशवी सांभाळत गेल्या. जाताना “आम्ही आपलं बोललो” एवढं म्हणून.

“शाळा कशी आहे?” मी विषय वळवला.

शाळा नुकतीच उघडली. सायकलवरून जायचं, डोक्यावर हेल्मेट. दारात बूट काढून आतले बूट घालायचे. शिपाई झाडत नाही, मुलंच झाडतात. जेवणानंतर घंटा झाली की सगळी शाळा फडकी घेऊन कामाला लागते, मास्तरसुद्धा. ठमीला वर्गात काय चाललंय ते निम्म्याहून अधिक कळत नाही. गणित तेवढं कळतं, कारण आकडे तेच. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ओळख करून दिली, वाकून नमस्कार केला, आणि बसली. कोणी बोलायला आलं नाही. लाजतात ती मुलं. पण साफसफाईला जिन्याच्या पायऱ्या तिच्या वाट्याला आल्या आणि फडकं पिळताना शेजारच्या मुलीने विचारलं, तुझ्या देशात हे कोण करतं? तिथून बोलणं सुरू झालं.

“बघ,” मी म्हटलं, “फडक्यापाशी सुरू झालं.”

“आणि काकू, एक सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे दारापाशी पिशव्या टांगलेल्या असतात. प्रत्येकाच्या नावाची एक. पाणी, बॅटरी, बिस्किटं, शिट्टी, औषधं. भूकंप झाला किंवा पूर आला, तर ती उचलून शाळेच्या इमारतीत जायचं. तो रस्ताही यजमानांनी हिला चालवून दाखवला. शेजारच्या कुराशिकीत 2018 च्या जुलैत पूर आला होता, माबी नावाचा भाग पार छपरापर्यंत बुडाला होता. त्यांचे कोणी नातेवाईक होते तिथे.”

माझ्या अंगावर काटा आला. 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. आईने आम्हा भावंडांना हाताला धरून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं होतं. पिशवी कसली नि काय.

“हिची पिशवी आहे का तिथे?”

“हो. मागच्या आठवड्यात केली. वर हिचं नाव लिहिलंय, त्यांच्या लिपीत. आजींनी लिहिलं.”

“कुठल्या आजींनी? त्या रागावणाऱ्या?”

“त्याच.”

“मग तू रडतेस कशाला? अगं, जी बाई कचऱ्यावरून रागावते आणि पुरात उचलायच्या पिशवीवर नाव घालते, तिने तुझ्या पोरीला घरात घेतलंय. पहिला नंबर होता तेव्हा ती पाहुणी होती. पाहुण्याला कोणी रागावत नाही. पाहुणा भांडी घासत नाही. खोलीत जाऊन रडतो आणि बाहेर येऊन हसतो. आता चौथा नंबर आहे तर तो तिचा आहे, ठरलेला. आधी आजोबा, मग बाप, मग मुलगा, मग ठमी. तिच्यामागून यजमानीण आणि आजी आंघोळीला जातात ना? म्हणजे त्या घरात ती कुठे बसते ते ठरलं. आपल्यात म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. वर्षभर राहायचं असेल तर तिसऱ्या दिवशी पाहुणा संपलाच पाहिजे.”

“रविवारी फोनवर तिचा आवाज बरा वाटला खरा,” ती म्हणाली. “रडली नाही. घाईत होती. कचरा उद्या आहे म्हणाली.”

“झालं तर. आता गणपतीत तिला चुकल्यासारखं होईल, तेव्हा सांग, तिथेही आहे गणपती.”

“आहे?”

“कांगितेन म्हणतात,” अण्णा म्हणाले. “तोक्योत आसाकुसाजवळ त्याचं देऊळ आहे, तिथे मुळे वाहतात. आणि आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन.”

“मोदकांऐवजी मुळा! तिला म्हणावं, तू तरी मोदक कर. आणि त्या आजीला पाकळ्या घालायला बसव.”

मग ठमीच्या आईने खरी बातमी बाहेर काढली. मूल पाठवलं की बहुतेक ठिकाणी आपणही एक सांभाळावं अशी अपेक्षा असते. जपानचंच येईल असं नाही. यांच्याकडे ब्राझीलची मुलगी येणार आहे, पुढच्या महिन्यात. ठमीच्या खोलीला रंग लागला, नवा गिझर बसला, गादी बदलली. तीन महिन्यांचा बिनतिखटाचा मेन्यू लिहून फ्रिजवर लावलाय. काम करणाऱ्या बाईंना सांगून ठेवलंय, तिच्या खोलीतला तांब्यासुद्धा तुम्हीच उचलायचा, मुलीला हात लावू द्यायचा नाही.

मी जे तिला सांगितलं, तेच ज्यांच्या घरी असं परदेशी मूल यायचं असेल त्या सगळ्यांना सांगते. पहिले दोन दिवस काय लाड करायचे ते करा. ओवाळा, श्रीखंड खिलवा, शनिवारवाडा दाखवा. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे मेथीची जुडी टाका आणि निवडायला बसवा. ओला-सुका कचरा तिच्याकडे सोपवा. पाणी यायची वेळ सांगा आणि टाकी भरायचं काम द्या. देवघरात चपला घालून गेली तर रागवा, घरच्या मुलीला रागावता तेवढंच, कमी नाही की जास्त नाही. रिक्षावाल्याशी तिलाच बोलू द्या. भाषा येत नाही म्हणून तिच्या वाटचं बोलणं तुम्ही करू नका. आणि काहीही झालं तरी मेथी तुम्ही परत निवडायला घेऊ नका. देठं राहिली तर राहू देत. एक दिवस भाजी जून लागेल, त्याने कोणी मरत नाही.